दुसरीच्या नावाचं कार्ड

माय, आज राजूरला गेले होते. चुनाभट्ट्यांच्या बाजूची झाडं अजून पांढरीच आहेत. तू तिथं तोंडाला पदर बांधून गरम चुना घमेल्यात ओढायचीस, आणि संध्याकाळी पोडावर, आपल्या पाड्यावर, परत यायचीस तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. त्या कामावर आपल्या कोलामांच्या बाया, नाहीतर गोंडांच्या. पलीकडे कोळसा खाणीच्या कॉलनीत पक्क्या नोकरीवाले राहत. त्यांना पगार, नळाचं पाणी, दवाखाना. आपल्या पोडावर चाळिशीतला माणूस म्हातारा दिसायचा आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे. मलाही वाटायचं, आपल्या लोकांची छातीच कच्ची.

मी दहावीत असताना तुझ्या थुंकीत रक्त दिसलं. कॉलनीतल्या ज्या बाईकडे तू सणासुदीला भांडी घासायचीस, ती मनानं चांगली होती. "माहं दवाखान्याचं कार्ड घेऊन जाय, माहंच नाव सांग. कोन पाह्यते?" म्हणाली. आपण दोघी कॉलनीच्या दवाखान्यात बाकावर बसलोय. खिडकीतून तिच्या नावाचा पुकारा होतो. तू हलत नाहीस. पुन्हा पुकारा होतो. मी तुला कोपरानं ढोसते. तू उठतेस आणि सरळ दाराबाहेर चालू लागतेस.

"काहून उठून आली वं माय?" मी रडत तुझ्यामागं धावले.

"औषध मले पाह्यजे, तिले नाही. उद्या मेली त तिच्या नावानं मरू काय?"

मी तुला हट्टी म्हटलं. दोन दिवस बोलले नाही. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत उन्हाळा उलटून गेला होता. डॉक्टर म्हणाले, धुळीचं काम सोडा. तू नुसती हसलीस. अंथरूण धरेपर्यंत भट्टीवर जात राहिलीस.

आता मी नर्स आहे. कॉलनीतली बाळं आणि आपल्या पोडावरची बाळं एकाच वजनकाट्यावर ठेवते. फरक दिसतो, आणि तो रक्तातला नाही हे मला ठाऊक झालंय. छाती कच्ची नव्हती, माय. आपल्या वाट्याला कामच तसं आलं होतं. मागच्या महिन्यात दगड फोडून गिट्टी करणाऱ्या मशीनवरच्या एका बाईला, थुंकीत रक्त दिसताच, मी वेळेत यवतमाळला नेलं. ती वाचली. परतताना एसटीत म्हणाली, "सिस्टर, मशीनवर नाही गेली त मले काम कोन देईन?"

तुला अक्षर येत नव्हतं, आणि हे वाचून दाखवावं तर तू आता नाहीस, त्यामुळे कागद माझ्याकडंच राहील. परवा माझ्या मुलीनं विचारलं, आजी कशी बोलायची? मी तुझी एकदोन वाक्यं म्हणून दाखवायला गेले आणि मध्येच थांबले. शब्द सगळे आठवतात, माय. तुझा आवाज आठवत नाही. खोकला तेवढा आठवतो.