वरच्या फळीवरचे डबे

अहो,

मी खाली बागेत चालायला गेले आहे. तिसऱ्या केमोनंतर अंगात त्राण नाही, दोन फेऱ्या मारून बाकावर बसेन. डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय, तेव्हा विनिताला फोन करून ‘तुझी आई ऐकत नाही’ म्हणू नका.

मला हात वर करावा लागू नये म्हणून तुम्ही फळीवरचे सगळे डबे ओट्यावर मांडलेत, वाण्याच्या दुकानासारखे. हात वर केलाच नाही तर खांदा आखडेल हो. पोहे आणि रवा मी परत वर ठेवले. बाकीचे उद्या, मीच ठेवीन.

आणि धक्का लागेल म्हणून तीन महिने हॉलमध्ये झोपताय. ऑपरेशन डाव्या बाजूला झालंय. लग्नापासून तुम्ही माझ्या उजवीकडे झोपता. तुमची उशी आत नेऊन ठेवली आहे.

नंदा