लिथारीची नऊ जांभळी पाने

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. मी अंथूसा, सिनोपे शहराजवळच्या लिथारी गावची, कातड्याचे चर्मपत्र करणारी, दिवंगत युस्त्रातिओस यांची विधवा, वय एकाहत्तर. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगत आहे. लिहून घेत आहेत गावचे पाद्री निकेतास.

१. ओढ्याकाठचे घर व मागची अक्रोडाची झाडे माझ्या बहिणीची मुलगी किरियाकी हिला. माझ्या दिरांचा त्यावर काडीचाही हक्क नाही. नवरा कैदेत असताना ते आमचे दार टाळून लांबच्या वाटेने जात. आताही तसेच जावे.

२. चुन्याचे तीन हौद, कातडी ताणायच्या चौकटी व चंद्रकोरी सुरी, तीस वर्षे माझ्याबरोबर राबलेल्या थेओफिला हिला. सुरीला धार लावताना ती घाई करते. सांगून ऐकत नाही. तरी तिलाच.

३. जांभळ्या रंगात बुडवलेली, चांदीच्या अक्षरांची, तळाशी चित्रे असलेली नऊ पाने माझ्याकडे आहेत, हे आता गावाला ठाऊक आहे. कशी आली, ते मी सांगते.

पस्तीस वर्षांपूर्वी चर्चमधली सगळी पवित्र चित्रे पुसण्याचा बादशहाचा हुकूम आला. आमच्या चर्चमधला दोनशे वर्षांचा शुभवर्तमानाचा ग्रंथ माझ्याकडे आणला गेला, कारण चर्मपत्र न फाडता खरवडणारा हात या भागात माझाच होता. आणणारे निकेतासच, तेव्हा ते डीकन, म्हणजे पाद्र्यांच्या हाताखालचे सेवक होते. (येथे त्यांची लेखणी थांबली. मी म्हटले, "लिहा, पाद्रीबाबा. तुम्हीच होतात ना?" ते म्हणाले, "मीच होतो, अंथूसाबाई," आणि लिहिले.)

पहिल्या चित्रात प्रभू आंधळ्याच्या डोळ्यांना हात लावत होता. मी प्रभूचा चेहरा खरवडला. आंधळा तसाच मान वर करून उभा राहिला. पुढे माझा हात चालेना. ते पान आणि चित्रांची उरलेली आठ पाने मी कापून घेतली व नासलेल्या कातड्यांच्या ढिगात दडवली. झडतीला आलेले शिपाई वासाने उंबऱ्यावरच थांबले. पाने चुन्यात विरघळली, असे मी सांगितले. निकेतासांनी शिपायांच्या अधिकाऱ्याला सांगितले की बाई खोटे बोलते. तेव्हा युस्त्रातिओस पुढे झाले. "तिला काही माहीत नाही. मी जाळली," म्हणाले. दोन वर्षे मिठागरात कैद भोगून ते लंगडत परतले. पाने कुठे आहेत, हे त्यांनी मरेपर्यंत मला विचारले नाही.

४. आता चित्रांना पुन्हा परवानगी आहे. बिशपांचा माणूस दोनदा येऊन गेला. पाने शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये ठेवू, खरवडलेल्या जागी चांगल्या चित्रकाराकडून नवा चेहरा काढून घेऊ, असे तो म्हणतो. दोन्ही होणार नाही. नऊही पाने लिथारीच्या चर्चला देत आहे; ती गावाबाहेर जाऊ नयेत. पाने ठेवलेल्या पेटीची किल्ली किरियाकीकडे राहील. खरवडलेल्या जागेला कोणी रंग लावू नये. ते काम माझ्या हातचे आहे, तसेच दिसू द्यावे.

५. दर ईस्टरला निकेतासांनी पाने लोकांना दाखवावीत व ही हकिगत नावानिशी सांगावी. मी त्यांना क्षमा केली असे लिहावे, असे ते म्हणतात. तसे मी लिहायला सांगत नाही. काम दिले आहे, तेवढे पुरे.

लिथारी, सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचे ६२९८ वे वर्ष, ऑक्टोबरची नववी तारीख.

† अंथूसा, स्वहस्ते.

साक्षीदार:
† प्रोकोपिओस, नावाडी. वाचून दाखवले, ऐकले.
† स्तेफानो, लोहार. लिहिता येत नाही, म्हणून क्रूस काढला.
† निकेतास, पाद्री. माझ्याविषयी सांगितलेले एकही अक्षर गाळलेले नाही.