‘पाटकरी’ दाखवायची परवानगी

पाली, ता. जि. बीड
९ जानेवारी २०२६

चि. जीवन यास,
ताईचा सप्रेम जय भीम.

इकडे माय बरी आहे. दिवाळीनंतर तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता स्वतः सुईत दोरा ओवते, आणि ओवला की सगळ्या गल्लीला दाखवत फिरते. थंडी यंदा जास्त आहे. तू कसा आहेस हे विचारायचा हक्क मला किती उरलाय ते माहीत नाही, तरी विचारते. फोन उचलत नाहीस म्हणून हे स्पीड पोस्टानं पाठवते आहे. सोबत काही कागद जोडलेत. ते आधी बघू नकोस, आधी पत्र वाच.

२ फेब्रुवारीला दादांना जाऊन वर्ष होईल. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय. मायची एकच इच्छा आहे, त्या दिवशी तुझा ‘पाटकरी’ पिक्चर गावाला दाखवायचा. दादांनी धरणाच्या पाटावर तीस वर्षं पाणी सोडायचं काम केलं, पण या गावानं त्यांना काम करताना धड पाहिलेलं नाही. तुझ्या चाळीस मिनिटांत ते चालतात, बोलतात, पाटाचं दार उचलतात. माय म्हणते, नव्या डोळ्यानं बघायचं तर नवऱ्यालाच बघते.

तुला ठाऊक नसेल, पण गेली दोन वर्षं मीही पिक्चर दाखवते. हो, मीच, जिला टीव्हीचं बटण सापडत नव्हतं. आमच्या वाचनालयाला एका संस्थेनं प्रोजेक्टर दिला. वर्षावासात विहारात रोज ग्रंथवाचन होतं, त्यात दर पौर्णिमेला वाचन झालं की मी एक पिक्चर लावायला लागले. कुणीतरी पेनड्राइव्हवर आणून द्यायचं, मी लावायची. बायका चटया घेऊन यायच्या. भिवराबाई तर पुढची जागा धरायला दुपारीच पोतं टाकून जायची.

मागच्या वर्षी चौसाळ्याच्या मन्मथप्पा दुकानदारांची मुलगी शिवांजली, जी बीडला वकिली करते, वाचनालयाला पुस्तकं द्यायला आली आणि पिक्चरला बसली. संपल्यावर तिनं विचारलं, परवानगी कुणाची घेतली? मी म्हणाले, सरपंचांची. ती म्हणाली, तशी नाही, पिक्चरच्या मालकाची. मी म्हणाले, आम्ही तिकीट कुठं लावतो? मग तिनं मला समोर बसवून समजावलं. विकत घेतलेली डिस्क असो की मोबाइलवर महिन्याचे पैसे भरलेले असोत, ते घरच्यांनी घरात बघण्यापुरतं. पडदा लावून गाव बोलवायचं तर मालकाची वेगळी लेखी परवानगी लागते, तिकीट असो वा नसो. शिवाय पिक्चरला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र हवं, आणि जागेची परवानगी इथल्या पोलीस ठाण्यातून घ्यायची ती निराळी. ती पोरगी तो शब्द सहज उच्चारत होती. ‘परवानगी’ म्हटलं की मला काय आठवतं, हे तिला कुठून कळणार. दोन आठवडे मी प्रोजेक्टर खोक्यातून काढला नाही.

मग शिकायला लागले. आधी मालक कोण हे शोधण्यातच नाकी नऊ आले. पिक्चरवर पाच-पाच नावं असतात, त्यातलं कुणाला लिहायचं? दोन ठिकाणांहून उत्तर आलंच नाही. एकांनी अकरा पानांचा इंग्रजी फॉर्म पाठवला. माणसं किती बसणार, जागा उघडी की छताखालची, एकदाच दाखवणार की पुन्हा, जाहिरात कशी करणार, सगळं त्यात. मी माणसांच्या पुढं ‘अंदाजे’ लिहिलं तर शिवांजलीनं खोडायला लावलं. म्हणाली, चटया मोजून या. मी चटया मोजून आले.

त्या पौर्णिमेला परवानगी आली नाही. बायका येऊन बसलेल्या. मी उठून सांगितलं की मालकाचं पत्र नाही, आज पिक्चर नाही. भिवराबाई म्हणाली, “आमी काय पिच्चर खाऊन टाकणार हाव का गं?” सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि मग आम्ही ग्रंथाचं पुढचं प्रकरण वाचलं. पण पडदा लावला नाही. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट नियमानं आणि उघडपणे थांबवली.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरहून एका म्हाताऱ्या निर्मात्यांचं पत्र आलं, हातानं लिहिलेलं. त्यांचा लहान मुलांचा एक पिक्चर मी मागितला होता. त्यांनी लिहिलं, “खुशाल दाखवा. अट एकच. शेवटची नावं संपेपर्यंत दिवे लावू नका. ती माणसं माझ्याकडे राबली आहेत.” तेव्हापासून आमच्याकडं नावं संपल्याशिवाय कुणी उठत नाही. वाचता न येणाऱ्या बायकाही बसून राहतात. अशा आजवर चार परवानग्या मी मिळवल्या. पाचवी तुझ्याकडून हवी आहे.

माय याला हसते. “आपल्याच लेकाचा पिच्चर, त्येला काय विच्यारायचं?” तू दादांना दिलेला पेनड्राइव्ह त्यांच्या ट्रंकेत आहे, लावला तर तुला तिकडं पुण्याला कोण सांगायला येणार आहे? पण तूही २०१९ च्या बुद्ध पौर्णिमेला हेच म्हणाला होतास. बोर्डाचं प्रमाणपत्र तुझ्याकडं होतं, इथल्या जागेची परवानगी नव्हती, आणि तू हसून म्हणालास, आपल्या गावात आपल्याच विहारापुढं कुणाला विचारायचं? ठाण्यात एक अर्ज गेला आणि तेवढ्यावरच तुझा कार्यक्रम बंद पडला.

जीवन, इथवर मी इकडचं तिकडचं लिहीत आले. आता लिहायलाच हवं.

तो अर्ज दादांचा नव्हता. मी लिहिला होता.

घरचे सगळे अर्ज मीच लिहायची, तुला माहीत आहे. दादांना सही यायची, वाचणं जड जायचं. रेशनचं असो की लाइटचं, मी बोट ठेवीन तिथं ते सही करायचे. “कशाचा हाय?” एवढंच विचारायचे. त्या दिवशीही विचारलं. मी सांगितलं, पेन्शनचा. त्यांनी चष्मा पुसला, नीट बसले आणि सही केली. अर्जात मी लिहिलं होतं की माझ्या नावानं बनवलेला चित्रपट विनापरवाना सार्वजनिक जागी दाखवला जात आहे, तरी तो थांबवावा. तो नेऊन मीच ठाण्यात दिला.

पुढचं तू पाहिलंस. पडदा बांधून झाला होता, माणसं जमत होती, आणि दोघे शिपाई आले. त्यांचं काहीच चुकलं नाही, त्यांनी अर्ज वाचला आणि परवानगी दाखवा म्हणाले. तू दादांकडं वळून विचारलंस, “दादा, ह्यो अर्ज तुमी देला?” दादांनी शिपायाच्या हातातला कागद बघितला. नीट वाचता येत नसलं तरी माझं अक्षर ते ओळखायचे. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चटया घेऊन उभी होते. मला तेव्हा बोलता आलं असतं. वेळ होता. मी बोलले नाही.

“व्हय,” ते म्हणाले. “म्याच देला.”

तू पडदा सोडलास आणि गेलास. पुढं जवळजवळ सहा वर्षं त्यांच्याशी बोलला नाहीस. शेवटाला आलास, बाजूला उभा राहिलास आणि जलदान विधीला थांबला नाहीस. लोक तुला बोलले, मी ऐकून घेतलं. दादांना मी एकदाच सांगायला गेले होते, ते आजारी पडल्यावर. “दादा, त्यो अर्ज...” एवढंच म्हणाले. ते म्हणाले, “जाऊ दी. जेवली का तू?” मी जेवले नव्हते. त्यांनी मला जेवायला बसवलं आणि विषय संपला.

मी असं का केलं ते तुला सत्ताविसाव्या मिनिटाला सापडेल. तिथं माय बोलते. २०१६ च्या उन्हाळ्यात मी गेवराईहून, सासरहून कायमची परत आले तेव्हाचं. एका सकाळी मी पाटात उतरले, परत यायचं नाही असं ठरवून. दादांनी लांबून पाहिलं. त्यांनी आधी पाटाचं दार पाडून पाणी थांबवलं, मग धावत आले. मला घरी आणून दिवसभर उशाशी बसले आणि दार तसंच बंद राहिलं. पाटाचं पाणी पाळीनं जातं. तीस वर्षांत त्यांनी कुणाची पाळी मोडली नव्हती. ज्यांनी आपल्या आज्याला विहिरीवर पोहरा लावू दिला नव्हता, त्यांच्या रानालाही ते ठरल्या वेळेला पाणी देत आले. तेवढी एकदाच मोडली. शेवटाकडच्या रानांची पिकं वाळली, तक्रारी झाल्या, कार्यालयातून नोटीस आली. खुलासा मीच लिहिला: दार अडकलं होतं. गाव अजूनही म्हणतं, ज्ञानोबानं त्या साली कुणाचं तरी ऐकून पाणी अडवलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या गळ्यात हार घालायला पाच माणसं होती.

माय ते कॅमेऱ्यापुढं खरं बोलली. नवऱ्यावरचा डाग पुसावा असं तिला वाटलं, त्यात तिचं काय चुकलं? तू मला लॅपटॉपवर दाखवलंस तेव्हा तुझे दोन मित्र शेजारी बसलेले. कसं झालंय, तू विचारलंस. मी म्हणाले, छान. तेव्हा दुसऱ्या स्थळाचं बोलणं चाललं होतं, आणि ही बाई पाटात उतरली होती हे पडद्यावर गावभर होणार, या विचारानं मी पुढचं काही पाहिलंच नाही. तेवढं काढ, असं मित्रांसमोर म्हणता आलं नाही. तूही मला त्याबद्दल एकटीला विचारलं नाहीस. हे तुला दोष द्यायला लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते. ते स्थळ पुढं आपोआप मोडलं. म्हणजे दादांना तुझ्यापासून तोडून मी माझंही काही राखलं नाही.

पंधरा दिवसांपूर्वी मी मायला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. हात थांबला. दोन दिवस तिनं माझ्या हातचं काही खाल्लं नाही, चूलही वेगळी मांडली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “त्येला लिव्ह. पर खरं लिव्ह. अर्जावानी लिहू नको.”

या वेळी बाकीचं सगळं रीतसर झालंय. ग्रामपंचायतीचा दाखला आहे, जागेची परवानगी आहे. ठाण्यात अर्ज द्यायला मीच गेले. तिथला कारकून म्हणाला, अक्षर छान आहे तुमचं. माझा आधीचा अर्ज तिथंच कुठल्यातरी गठ्ठ्यात असेल. बोर्डाच्या प्रमाणपत्राची प्रत तेवढी तुझ्याकडून लागेल. तुझ्यासाठीचा फॉर्म शिवांजलीनं मराठीत करून दिला आहे. एकच खेळ, विहाराचं सभागृह, एकशे चाळीस माणसं, तिकीट नाही. खाली मालकाच्या सहीची जागा रिकामी आहे. तुझ्या काही अटी असतील तर लिही, मी पाळीन.

फॉर्मच्या मागं एक वेगळा कागद आहे. त्यावर मी लिहून दिलंय की सत्ताविसाव्या मिनिटाला माझ्याविषयी जे आहे ते दाखवायला माझी हरकत नाही. ते कापू नकोस. तू मागितलं नव्हतंस, मी आपणहून देते आहे.

तू सही केलीस तर पिक्चर लागेल. लावायच्या आधी मी उभी राहीन आणि अर्ज कुणी लिहिला, पाणी कुणासाठी थांबलं, हे माझ्या तोंडानं सांगेन. सही केली नाहीस तर पडदा लागणार नाही, पेनड्राइव्हला मी हात लावणार नाही. पण माणसं बोलावलेली आहेत, ती येतील, आणि मी तरीही उभी राहीन. पिक्चर तुझा आहे, तो तुला विचारल्याशिवाय दाखवता येत नाही. माझा गुन्हा माझा आहे. तो सांगायला मला कुणाची परवानगी नको.

आलास तर मायला बरं वाटेल. मला काय वाटेल ते लिहीत नाही.

मजकूर माझा, अक्षर माझं, आणि या वेळी सहीही माझीच,

अर्जदार
पौर्णिमा ज्ञानोबा ओव्हाळ