देवघराची ओली भिंत

अंकुशनगर

प्रिय आकांक्षा,

फोनवर तू ‘बाबा, मंग बोलते’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून कागदावर लिहून राह्यलो. तुझी आई संक्रांतीचं वाण घेऊन अंबडला येईल, तिच्या हाती देतो. एकटी असताना वाच.

इकडं साखर कारखान्याचं गाळप जोरात आहे. कॉलनीतल्या जुन्या लोखंडी लाइनी सडल्यात, त्यामुळं मला फुरसत न्हाई. मी आयटीआयचं दार पाहिलेलं न्हाई, हे तुला माहीत आहे. लोकांनी फेकलेले नळ उकलायचे, वायसर नेमकं कुठं झिजलं ते बघायचं, असं शिकलो. आजही जॉइंट केला की पाणी सोडून त्यावर कोरडा कागद फिरवतो. कागदाला जरा डाग पडला की जॉइंट पुन्हा. कमरोद्दीनभाई म्हणतो, “पुंजाराम, पाईपाचा इम्तिहान घेतोस का?” घेतो. तुला टोचावं म्हणून हे लिहीत न्हाई, असं लिहिणार होतो. पण टोचावं म्हणूनच लिहितोय.

लग्न ठरताना तू म्हणालीस, “बाबा, आपलं हार्डवेअरचं दुकान आहे असं सांगितलंय. तुम्ही फक्त गप बसा.” बसलो. साखरपुड्यात तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, धंदा कसा काय? मी म्हणालो, बराबर चाललाय. दुकान कमरोद्दीनभाईचं. त्याच्या शटरवर ‘बापू मिस्त्री’ या माझ्या कामावरच्या नावानं कामाचा वेगळा नंबर रंगवलेला, एवढाच माझा त्या दुकानाशी संबंध. दिवाळीत तुमच्याकडं आल्तो, तर तू कानाशी येऊन म्हणालीस, “हात खिशात ठेवा, घट्टे दिसतात.” लेकीचा संसार आहे म्हणून तेही ऐकलं.

परवा त्या शटरवरच्या नंबरावर फोन आला. “बापू मिस्त्री का? सगळे तुमचंच नाव सांगतात. भरवशाचा माणूस पाहिजे.” आवाज मी ओळखला. तुझा दीर, आर्यन. त्यानं मला ओळखलं न्हाई. म्हणाला, न्हाणीघरामागची देवघराची भिंत ओली होऊन राह्यली. तीन मिस्त्री झाले, तिघांनी आल्या आल्या फरशी फोडली, ओल जशीच्या तशी. मी विचारलं, कोणी अंघोळ केली न्हाई तरी ओल वाढते का? म्हणाला, वाढते. मी म्हणालो, मंग सांडपाण्याचा दोष न्हाई, टाकीतून उतरणारा पाईप गळतोय. आधी कॉक बंद करून भिंतीकडं बघत बसायचं असतं, हातोडा नंतर. तो खूश झाला. “आई म्हणतेय, मिस्त्री, इतके दिवस तुम्ही कुठं होता?”

काय सांगणार? तुमच्याच फोटोत, व्याह्यांच्या जागी, फेटा बांधून उभा होतो.

आणि दुसऱ्या दिवशी तुझा फोन. “बाबा, एखादा चांगला प्लंबर पाठवा ना. पण तुम्ही येऊ नका.” पूर्ण गावाला मी चालतो, आकांक्षा. फक्त तुला चालत न्हाई.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. आर्यनला मी हो म्हणून बसलोय. सोमवारी येतोय, पान्ह्यांची पिशवी खांद्याला लावून. माझ्या बदली कोणाला पाठवणार न्हाई, तुझ्या घरातली भिंत चौथ्या माणसानं फोडलेली मला चालणार न्हाई. दारात सगळे मला ओळखतीलच. त्याआधी तू त्यांना खरं सांगितलंस, तर बाप म्हणून काम करीन आणि आपल्या रिवाजाप्रमाणं लेकीच्या घरचं पाणीही न घेता परत जाईन. सांगितलं न्हाईस, तर मीच सांगेन की आज व्याही आलेले न्हाईत, मिस्त्री आलाय. काम झाल्यावर मिस्त्रीला चहा देतात. तो मी घेईन. रिकामा कप उचलायला तूच ये.

तुझाच, अजून सोमवारपर्यंत तरी,
बाबा