उजव्या अंगठ्याची थंडी

३ डिसेंबर

बाइंडिंग खात्याच्या दारावर अंगठ्याचं मशीन बसलं. सह्यांचं हजेरीबुक बंद. सातच्या आत अंगठा लावायचा. महिन्यात तीन लेट झाले की साठीच्या पुढच्यांना कायमची विश्रांती, असं नोटिशीत आहे. साठीच्या पुढचा खात्यात मी एकटा. नोटीस पूर्ण वाचली. खाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या, त्या सोडल्या. महत्त्वाचं ते मोठ्या अक्षरांत छापतात. छापखान्यात जन्म गेला, मला कोण शिकवणार.

क्लार्कने दोन्ही अंगठे नोंदवून घेतले. डावा कशाला, देव जाणे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण आजवर कुठे अंगठा दिला नाही, सही केली. वाईट वाटलं.

असो. चौतीस वर्षांत लेट नाही. सायकल ठणठणीत. चिंता फक्त थंडीची. तिचाही बंदोबस्त करतो.

४ डिसेंबर

थंडी वाढली. मशीनने अंगठा तिसऱ्या खेपेला घेतला. सहा किलोमीटर सायकल हाणून बोटं आखडतात, त्याचंच हे. सुपरवायझर म्हणाला, काका, जुनं मॉडेल तापायला वेळ लागतो. मशीनबद्दल म्हणाला असेल.

ही म्हणाली, बसने जा की. बस सव्वासातला पोचते. हिला सांगून उपयोग नाही.

६ डिसेंबर

छातीला वारा लागू नये म्हणून स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घातलं. कल्पना माझीच. जाताना उत्तम. नंतर काढायचं विसरलो. संध्याकाळी गेटवर वॉचमनला करकर ऐकू आली आणि त्याने थांबवलं. छापखान्यातून पोटाशी कागद धरून निघालेला माणूस. सगळ्यांसमोर एकेक करून आठ पानं काढून दिली. त्याने तारीख बघितली. म्हणाला, शिळं आहे काका, घेऊन जा.

कागद बंद.

९ डिसेंबर

लोकरीचे हातमोजे ब्रेकवरून घसरतात. म्हणून त्यांच्यावर हिचे भांडी घासायचे रबरी मोजे. गुलाबी आहेत, पण अंधारात कोण बघतंय. वारा अजिबात लागला नाही. सहा बावन्नला पोचलो. मोजे निघेनात. निघाले तेव्हा बोटं घामाने पांढरीफटक, सुरकुतलेली. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. अकरा वेळा म्हणालं. रांगेतला मागचा सांगायला लागला, काका, दुसरा. त्याला म्हटलं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस. सात वाजून तीन मिनिटं.

लेट पहिला.

सुट्टीत दाराशी उजेडात अंगठा बघितला. रेघा फारशा दिसल्या नाहीत. कागदाच्या घड्या याच अंगठ्याने दाबत आलो. पण त्याचा इथे संबंध नाही. थंडीच आहे.

घरी काही बोललो नाही. ही म्हणाली, भांडी न घासता मोजे ओले कसे.

१३ डिसेंबर

आजचा पोशाख: दोन बनियन, तीन स्वेटर, विजारीखाली विजार, जावयाचा जुना रेनकोट, पायमोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि त्यांना रबर, मफलर, कानटोपी. चढवायला पस्तीस मिनिटं. ही म्हणाली, लग्नात मी एवढी नटले नव्हते. दाराशी आलो आणि लघवीला लागली. सगळं उतरवलं. सगळं चढवलं. पुन्हा लागली. दुसऱ्या वेळची खरी नव्हती, धास्तीची होती, पण हे उतरवल्यावर कळलं.

वाटेत श्वासाची वाफ चष्म्यावर. अर्धा रस्ता अंदाजाने. सात अकरा. लेट दुसरा.

सुपरवायझर म्हणाला, काका, आता एकच राहिला हं. चांगल्या मनाने म्हणाला. मला दिवसभर सुई ओवता आली नाही.

घरी बसून करायचं काय? शेजारचा रिटायर होऊन बसलाय दोन वर्षं. रोज गॅलरीतून मला वेळ विचारतो. कळल्यावर त्याला काही करायचं नसतं.

१७ डिसेंबर

चूक सापडली. मी सगळ्या अंगाला ऊब देत बसलो, आणि कामाचा फक्त अंगठा. रात्रभर घोकून शेवटी हिला सगळं सांगितलं, दोन्ही लेटसकट. हिने लाल लोकर काढली आणि अंगठ्यापुरतं टोपडं विणलं. माप दोनदा घेतलं. म्हणाली, बारशाला न्यायला हरकत नाही.

२० डिसेंबर

टोपडं घालून तीन दिवस. मशीनने परवा नवव्या खेपेला घेतला, काल सातव्या, आज आठव्या. प्रगती आहे.

२२ डिसेंबर, दुपारी, घरी

कडाक्याची थंडी. नुसतं टोपडं पुरणार नाही म्हणून उजवा हात काखेत धरून एका हाताने सायकल चालवली. वळणावर ओल्या रस्त्यात चाक सरकलं. पडताना हात बाहेर आला. तीन स्वेटरांमुळे अंगाला ओरखडा नाही. रस्त्यावर घासला तो नेमका अंगठा. डॉक्टर म्हणाले, एवढ्या कपड्यांत माणूस पडला कसा ते कळतं, लागलं कसं ते कळत नाही. पाच टाके.

लेट तिसरा. दवाखान्यात गेलेल्या वेळेची सूट नाही.

टोपडं फाटलं. हिने धुऊन वाळत घातलं.

३१ डिसेंबर

ऑफिसात बोलावलं. विश्रांतीचा कागद तयार होता. म्हटलं, फेब्रुवारीत थंडी ओसरेल, तेवढं थांबा. सुपरवायझर खिडकीकडे बघत म्हणाला, काका, माझ्या हातात असतं तर. सही करायला गेलो, पट्टीमुळे पेन धरवेना. क्लार्कने शाईचं पॅड पुढे केलं. म्हणाला, डावा द्या, चालतो.

आयुष्यात पहिल्यांदा दिला. एका दाबात उमटला. एकेक रेघ स्वच्छ.

क्लार्क बघतच राहिला. म्हणाला, काका, इतका छान अंगठा असताना मशीनला हा का नाही लावला? दोन्ही नोंदवले होते ना. नोटिशीत खाली लिहिलंय, एक उमटत नसेल तर दुसरा लावावा.

म्हटलं, माहीत होतं.

तो म्हणाला, आता कागद झाला.

१ जानेवारी

साडेचारलाच जाग आली. तीन स्वेटर, मफलर, कानटोपी घालून खुर्चीत बसलो. ही म्हणाली, अहो, घरात कशाला एवढं. म्हटलं, वारा आहे. खिडक्या बंद होत्या.

नंतर गॅलरीत गेलो. शेजाऱ्याने वेळ विचारली. सात वाजून चार मिनिटं. सांगितली. तोही गेला नाही, मीही नाही.