सरांच्या फितीवरची आई

रविवार, ९ मार्च

प्रिय धाकट्या,

तुला, तुझ्या बायकोला आणि पोरींना ताईचे आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तुझे भाऊजी नव्या चष्म्यावर रुसलेत, जुनाच नाकावर चढवून पेपर वाचतात. स्वयंपाकघराची गळती एकदाची थांबली. ‘फोन असताना पत्र कशाला?’ असं म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतोस आणि माझं राहून जातं, म्हणून.

आईच्या ऑफिसातले भूकंपवाले सर आठवतात ना? त्यांच्यावरचा धडा शाळेच्या पुस्तकात आल्यावर तू वर्गात ‘माझी आई यांची टायपिस्ट आहे’ सांगितलंस आणि कोणी विश्वास ठेवला नाही, तेच. त्यांच्या संस्थेने त्यांची सगळी कागदपत्रं आता इंटरनेटवर ठेवली आहेत. पत्रं, आलेख, भाषणं, सगळं. महिनाभर मी त्यातच बुडाले आहे. आईचं नाव टाकून शोधलं, काही नाही. ‘टायपिस्ट’ टाकलं, तर टाइपरायटर दुरुस्तीचे अर्ज निघाले! मग ध्वनिफितींचा विभाग सापडला. सर मजकूर सांगायचे, आई लघुलिपीत उतरवायची आणि काही निसटू नये म्हणून टेपही चालू असायचा. रोज भाजी निवडताना एकेक फीत ऐकत गेले. सगळीकडे सरच. खाकरणं, घोट घेणं, पुन्हा जमिनीचे थर.

तू विचारशील, एवढा खटाटोप कशासाठी? मला आईचा आवाज हवा होता.

आता सांगूनच टाकते. वर्षभर तू फोन करतोस आणि मी म्हणते, आई अंघोळीला गेलीय, आई झोपलीय. मागच्या वेळी तू म्हणालास, ‘बसू दे राग धरून.’ तिला राग नाही रे. तिच्या घशाला गाठ झाली होती. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. आजार गेला, डॉक्टर खूश आहेत, पण आई आता बोलू शकत नाही. ऑपरेशनच्या आधी ते म्हणाले होते, आवाज रेकॉर्ड करून ठेवा. आई म्हणाली, “माझी कटकट पुरली नाही का तुम्हाला?” आणि विषय संपवला. आता पाटीवर लिहिते. तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथच घातली होती. लिहिलं होतं, ‘दया येऊन आलेला मुलगा मला नको. यायचं तर भांडायला येऊ दे.’

परवा एक फीत मिळाली. खाली नोंद होती, ‘कार्यालयात मजकूर सांगताना. सोबत अनोळखी स्त्री व मूल.’

सर सांगता सांगता थांबतात आणि विचारतात, “टेबलाखाली कोण आहे हो?”

“धाकटा आहे, सर. अंगात कणकण आहे त्याच्या. तुमच्या आलेखांवर झोपलाय.”

“मग रजा घ्यायची होतीत!”

“घेतली होती. पण स्वारीला भूकंप बघायचा होता. कालपासून डोकं खाल्लंय माझं.”

मग ती हसते. अरे, ते हसू! पातेलं तसंच गॅसवर ठेवून मी खुर्चीत बसले, खालून भाजी करपली तरी उठवेना. मग तू उठतोस, रडतोस. सर म्हणतात, एवढं वाक्य होऊ द्या. आई म्हणते, “वाक्य थांबेल सर, हा थांबायचा नाही.” टेप बंद करायला कुणालाच सुचलेलं नाही. ती तुला कडेवर घेऊन यंत्रापाशी नेते. “ही सुई बघ सोन्या, जमिनीची नाडी बघते.” तू विचारतोस, “जमिनीला पण ताप आलाय?” आणि ती म्हणते, “थोडासा. उतरेल हं.”

तू घर सोडताना तिला म्हणाला होतास, ‘तुला आमच्यापेक्षा ते ऑफिसच जवळचं होतं.’ मी वाद घालत नाही. आपण दोघं कुलूप लावलेल्या दारात बसून तिची वाट बघायचो, ते मीही विसरले नाही. पण हेही होतं. तुला आठवत नसेल, म्हणून लिहिते.

काल आईला ऐकवली. डोळे मिटून बसली होती. झाल्यावर पाटीवर लिहिलं, ‘किती भराभर बोलायचे मी!’ मग, ‘पुन्हा लाव.’ दुसऱ्यांदा तुझं रडणं आलं तसा तिने हात वर केला. मी फीत थांबवली. तिने लिहिलं, ‘त्याला कळव.’

“काय कळवू? फितीचं?”

तिने पाटी पुसली आणि लिहिलं, ‘सगळं.’

फितीचा पत्ता मागच्या पानावर उतरवला आहे. आधी एकट्याने ऐक. मग आईच्या फोनवर फोन कर, ती उचलेल. तिकडून शब्द येणार नाही, श्वास मात्र ऐकू येईल. गप्प राहू नकोस. हवं तर भांड, पण बोल.

तुझी ताई,
आणि शेजारी बसून हे पत्र वाचणारी, त्यातला ‘बिचारी’ हा शब्द मला खोडायला लावणारी
तुझी आई