डिझेल जातं कुठं?

दापोडे, रविवार सकाळ

ती. काशीताईस,

तुझा धाकटा भाऊ रामनाथ पाया पडतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, निदान सगळे तसं सांगतात. तुझे गुडघे कसे आहेत? अकलोलीची गरम पाण्याची कुंडं हाकेच्या अंतरावर असताना तू भिवंडीच्या डॉक्टरकडून गोळ्या नेतेस, हे मला पहिल्यापासून पटलेलं नाही. (तो डॉक्टर आणि त्याच्या खालचा औषधवाला यांची नाकं सारखी आहेत. भाऊ असणार. पुढच्या खेपेला नीट बघ.) आठ दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, रेंज नसेल. मग तुझ्या भावजयीच्या, सीताच्या फोनवरून लावला, तर पहिल्याच घंटेला उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र भावेशबरोबर पाठवतोय. मुलगा माझाच आहे, तरी पाकीट दोन्हीकडून चिकटवलंय. उघडलेलं वाटलं तर सांग.

तुझा दीर लडकू तिकडे येऊन काय बोलला, मला ठाऊक नाही. बहुतेक काहीच बोलला नसेल. बारा वर्षं तो माझी गाडी चालवतोय आणि बारा वर्षं गप्प आहे. गप्प माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. आता ऐक. आपली मालाची गाडी एकोणीस वर्षांची, पण नाशिकची खेप ठरलेल्या डिझेलमध्ये करायची. दिवाळीनंतर तिला दर खेपेला आठ-दहा लिटर जास्त लागायला लागलं. मी गाडीखाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी. पाइप कोरडे. जिथे गळत नाही तिथून डिझेल जातं, म्हणजे ते कोणीतरी नेतं, असा मी सरळ हिशेब केला. टाकीला पितळी कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. (आंघोळीलासुद्धा सोडली नाही. कमरेला हिरवा डाग पडलाय.) तरी डिझेल जातंच!

तरीही मी अन्याय करणारा माणूस नव्हे. इंजिनाची तपासणी मी स्वतः केली. मोबाइलवर पाहिलं होतं की इंजिन पुसून कोरडं करायचं, पाइपांच्या जोडांवर पांढरी पावडर मारायची आणि गाडी चालू ठेवायची. जिथे गळत असेल तिथे पावडर ओली होते. सीताचा टाल्कम पावडरचा अख्खा डबा मारला. गाडीला लग्नाचा वास यायला लागला, पण पावडर कुठे ओली झाली नाही. मग गोदामातले खोके फाडून गाडीखाली पसरले. दुपारी एक ठिपका सापडला. मी आनंदाने सीताला हाक मारली, गुडघ्यांवर बसून वास घेतला. ते कुत्र्याचं निघालं.

मग मी हेल्मेट घालून, रुमाल बांधून स्कूटरने लडकूच्या मागे निघालो. पडघ्याला तो चहाला थांबला. मी लांब एका टेम्पोमागे उभा. पाच मिनिटांनी टपरीवाला माझ्यापाशी कटिंग घेऊन आला. म्हणाला, "वो ट्रकवाले ने भेजा है, बोला दादा को शक्कर कम." ताई, एवढा सावध माणूस साधा असेल का, तूच सांग.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. या सगळ्या दिवसांत गाडीला ऑइल घालावं लागलं नाही. ऑइलची पट्टी काढून पाहावी, तर पातळी उलट वर चढलेली! एकोणीस वर्षांचं इंजिन ऑइल प्यायचं सोडून साठवायला लागलं, तर दुसरा कोणी काय समजेल? मी समजलो की लडकूचं मन त्याला खातंय. डिझेल विकतो आणि पाप फेडायला गुपचूप पदरचं ऑइल ओततो. तो स्वतः दोनदा येऊन म्हणाला, "दादा, आयल वाढतंय. इंजिनात कायतरी हाय." मी मनात म्हटलं, बघा, कबुलीच्या किती जवळ आलाय.

गेल्या शनिवारी गाडी भरून उभी होती आणि तो म्हणाला, "या आयलवर घाट चढनार न्हाय. बेअरिंग जळंल." झालं. दापोड्याच्या नाक्यावर, चहाच्या टपरीसमोर, दहा माणसांत मी त्याला विचारलं, "डिझेल कुणाला विकतोस ते सांग, मग घाटाचं बघू." त्याने गाडीची चावी बॉनेटवर ठेवली, पुढच्या काचेला लावलेला तुमच्या वज्रेश्वरीचा फोटो काढून खिशात घातला आणि चालत निघाला.

त्यानंतर मी ती ऑइलची पट्टी पुरावा म्हणून घरी आणली. सीताने लांबूनच नाक मुरडलं. "याला राकेलसारखा वास येतोय," म्हणाली. (स्वयंपाकघरात आणली म्हणून बोलते, असं मला वाटलं.) पण इसरार मिस्त्रीला बोलावलं. त्याने पट्टीवरचं ऑइल दोन बोटांत चोळलं आणि माझ्याकडे बघून हसायला लागला. "सेठ, ये तेल नहीं, डिझेल है." इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या फीड पंपाचं सील फाटलं होतं. डिझेल बाहेर न येता थेंब थेंब आतच, ऑइलमध्ये उतरून ते पातळ करत होतं. लडकू त्या दिवशी घाट चढला असता, तर इंजिन जॅम होऊन गाडी वळणावर कुठे थांबली असती, कोण जाणे. तो नाही म्हणाला म्हणून माझी गाडी वाचली, आणि तो स्वतःही. मी मात्र दहा माणसांत त्याला चोर म्हटलं.

बाकी सर्व कुशल. गुडघ्यांची काळजी घे.

तुझा,
रामनाथ

ता. क. सुके बोंबील पाठवले आहेत. चाळीस आहेत. भावेशने कमी दिले तर कळव.

ता. क. २. लडकूला परत पाठव. चूक माझी आहे, आणि ती मी त्याच नाक्यावर, त्याच दहा माणसांसमोर सांगणार आहे. बुधवारी सकाळी दहाला सगळ्यांना बोलावलंय. नव्या पंपाचा नारळ मी फोडलेला नाही. तो त्याने फोडायचा.

ता. क. ३. पाकिटाच्या तळाशी टाकीच्या कुलपाची किल्ली आहे. अशा कुलपाला दुसरी किल्ली असते हे लडकूला माहीत आहे, म्हणून तीही टाकली आहे. दोन्ही त्याच्या हातात दे. आता टाकी मलासुद्धा उघडता येत नाही. ताई, तो येणार नाही असा मला संशय आहे. माझे आजवरचे सगळे संशय खोटे निघाले. हाही निघू दे.